पोराला काय आवडतंय, काय जमतंय आणि पुढं काय करायचं, हे कसं शोधायचं (आठवी ते बारावीच्या पालकांसाठी)

दहावीचा निकाल लागला की दाखला न्यायला आलेले पालक हमखास विचारतात, "मॅडम, ह्याला आता कुठं घालू?" आणि त्या दिवशी ह्याचं खरं उत्तर देताच येत नाही, कारण ते आठवी-नववीपासून हळूहळू तयार व्हायला पाहिजे असतंय. मग काय होतं, ८५ टक्क्यांच्या वर सायन्स, साठ-सत्तरला कॉमर्स, त्याच्या खाली आर्ट्स नाहीतर आयटीआय, असं मार्क बघून पोरांचं वाटप होतं. मार्कांवरून एवढंच कळतं की पोरानं तीन तासात पेपर किती लिहिला. त्याचा हात कशावर चालतोय, कशात बसलं की जेवायला हाका माराव्या लागतात, चार माणसांत ते खुलतंय का गप्प होतंय, हे गुणपत्रिकेत कुठंच लिहिलेलं नसतं.

मी पलूस-तासगाव पट्ट्यातल्या एका हायस्कूलला शिकवते. खाली लिहिलंय ते आम्ही वर्गात करतो आणि घरीही सहज करता येतं, खर्च जवळजवळ नाही, एक वही लागते आणि पालकांचा थोडा वेळ लागतो. सगळ्याचा गाभा एकच आहे, आवड विचारून कळत नाही, पोरानं चार गोष्टी बघितल्या आणि हातानं करून बघितल्या की कळते. बाकीचं सगळं ह्याच्या मागं येतं.

आधी "मोठेपणी कोण होणार" हे विचारणं थांबवा

हे विचारलं की पोरगं डॉक्टर, इंजिनियर, पोलीस, कलेक्टर ह्यातलं एक नाव सांगून मोकळं होतंय, कारण त्याला तेवढीच माहीत असतात. विटा-आटपाडीकडचं पोरगं गलाई म्हणेल, कारण काका केरळात, मामा उत्तर प्रदेशात सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत आणि दिवाळीला गावी आल्यावर त्यांची गाडी त्यानं बघितलेली असते. मिरजेच्या पोराला दवाखाने दिसतात, तासगावच्या पोराला द्राक्षबाग दिसते. जे दिसतंय तेच पोरं मागतात. स्मृती मानधना आपल्या सांगलीजवळच्या माधवनगरला वाढली, मोठा भाऊ क्रिकेट खेळायचा, त्याला बघून ती खेळायला लागली आणि नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात गेली. तिच्यात गुण होतेच, पण आधी तिला ते घरातच बघायला मिळालं आणि घरच्यांनी खेळू दिलं, ह्याला माझ्या मते तेवढीच किंमत आहे.

त्यापेक्षा हे विचारा. ह्या आठवड्यात कशात वेळ गेला ते कळलंच नाही? वर्गातली पोरं तुझ्याकडं कशासाठी येतात, गणित विचारायला, भांडण मिटवायला, का वहीवर नाव काढून घ्यायला? कशाचा कंटाळा आला, आणि अवघड होतं म्हणून आला का फार सोपं होतं म्हणून आला? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण गणिताचा कंटाळा येतो म्हणणाऱ्या पोरांत दोन जाती असतात, एकाला येत नसतं म्हणून कंटाळा आणि दुसऱ्याला तेच तेच सोडवून कंटाळा, आणि बाहेरून दोघंही सारखीच दिसतात.

वही घाला आणि तीन-चार आठवडे नुसतं बघा

साधी शंभर पानी वही. त्यात रोज नाही, पण जेव्हा जेव्हा दिसेल तेव्हा दोन ओळी लिहायच्या, कोणी न सांगता पोरानं काय केलं, दुसऱ्यानं त्याला कशासाठी बोलावलं, आणि काय सुरू करून अर्धवट सोडलं. पोरगं नववी-दहावीत असेल तर वही त्याचीच असू दे, त्यानंच लिहावं, आणि तुम्ही लिहित असाल तर लपवून लिहू नका, पोरांना कळतंच आणि मग ती नाटक करायला लागतात.

काय लिहायचं, तर बारीकसारीक. मोटरचा स्टार्टर बिघडला तेव्हा वायरमन येईपर्यंत उघडून बघत बसला. ठिबकची नळी तुंबली ती त्यानंच काढली. आत्याच्या लग्नात आहेर कुणी किती दिला ते सगळं तिनं लिहून ठेवलं आणि हिशोब लागला. म्हशीला बरं नव्हतं तर डॉक्टर इंजेक्शन देताना बाकीची लांब पळाली, ही जवळ उभी राहिली. आजीला बँकेत घेऊन गेला आणि साहेबाशी न घाबरता बोलला. "हुशार आहे", "आळशी आहे", "हट्टी आहे" असले शब्द वहीत अजिबात नको, त्यातून काहीच कळत नाही, काय केलं तेवढंच लिहा.

आणि बघायला सगळ्यात भारी जागा म्हणजे गणपती मंडळ, हे मी प्रत्येक पालक सभेत सांगते. दहा दिवसात एका मंडळात सगळ्या जातीची कामं निघतात आणि कोण पोरगं आपणहून कुठं जाऊन चिकटतंय ते बघत राहायचं. वर्गणीला दारोदार फिरायला एक जण पुढं असतो, "काका एकशे एक नको, पाचशे एक करा" म्हणून हसत हसत काढून घेतो, त्याला माणूस ओळखता येतोय. दुसरा कधी वर्गणीला जात नाही पण पावतीपुस्तक आणि शिल्लक त्याच्याकडं असते आणि एक रुपया इकडचा तिकडं होत नाही. एक जण लायटिंगच्या माळा आणि साऊंडच्या वायरीत असतो. एक देखाव्याचं चित्र आधी कागदावर काढतो आणि मग थर्माकोल का पुठ्ठा ह्यावर वाद घालतो. एक जण पोलीस स्टेशनला परवानगीचा अर्ज घेऊन जातो, एक जण लहान पोरांच्या स्पर्धा घेतो, आणि एखादी पोरगी आरतीला पेटी घेऊन बसते. ह्यातलं कुठलंच काम कुणी वाटून दिलेलं नसतं. तुमचं पोरगं ह्यात कुठं होतं, आणि तीन वर्षं सलग तिथंच होतं का, हे आठवून वहीत लिहा. गॅदरिंग, यात्रा, गावातली टेनिस बॉलची टूर्नामेंट, सगळीकडं हेच लागू आहे.

मोबाईलचंही लिहा. मोबाईल घेऊन बसतो एवढं पुरत नाही, त्यात काय करतो ते बघा. नुसतं स्क्रोल करणं वेगळं आणि यात्रेचा व्हिडिओ कापून, गाणं लावून, अक्षरं टाकून बनवणं वेगळं. दुसरं काम आहे, त्याला पैसे मिळतात, शिकायला कोर्स आहेत.

आवडणं आणि जमणं एक नसतं

वहीत दोन-तीन आठवड्यांनी काही गोष्टी परत परत दिसायला लागतात. आता त्या दोन ठिकाणी मांडायच्या, आवडतंय ते आणि जमतंय ते. काही गोष्टी दोन्हीत येतील, त्यांच्यावर गोल करा. पण जे आवडतंय आणि जमत नाही, किंवा जमतंय आणि आवडत नाही, तिथं खरा विचार करायला लागतो, आणि इथं मी पोरांना नेहमी आपल्याच पलूस तालुक्यातली गोष्ट सांगते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला चित्रकला शिकायला गेले होते. हात चांगला होता पण त्यांना काही रंग नीट ओळखू यायचे नाहीत, त्यामुळं पेंटिंग सोडायला लागलं. पण रेघ तर पक्की होती, म्हणून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले, मुंबईत व्हीजेटीआय ह्या तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत तेच शिकवायला लागले, पुढं बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना आणि त्याच्याभोवतीचं गाव, किर्लोस्करवाडी, उभं राहिलं. ज्या पोराला "तुला रंग कळत नाहीत, तुझं चित्रकलेत काही होणार नाही" एवढंच सांगून सोडून दिलं असतं, त्याच्या हातातली अर्धी गोष्ट फुकट गेली असती.

म्हणून जमत नाही म्हणजे नेमकं काय जमत नाही ते फोडून बघा. पोरीला डॉक्टर व्हायचंय आणि फिजिक्स जमत नाही, ठीक आहे, पण तिला आजारी माणसाजवळ बसायला आवडतंय का, का रक्ताची तपासणी, सूक्ष्मदर्शक हे आवडतंय, का नुसता पांढरा कोट आवडतोय? पहिलं असेल तर नर्सिंग, फिजिओथेरपी आहे, दुसरं असेल तर लॅब टेक्निशियन, फार्मसी, मायक्रोबायोलॉजी आहे. तिसरं असेल तर अजून बघायचं बाकी आहे, घाई नको.

एका वस्तूचा माग काढा

हा उपक्रम आमच्याकडं नववीला असतो आणि पोरांना सगळ्यात जास्त आवडतो. रोजची एक वस्तू घ्यायची आणि ती आपल्या हातात येईपर्यंत किती माणसांनी काय काय काम केलं त्याची यादी करायची. सांगली जिल्ह्यात असाल तर हळद घ्याच. शेतात बेणं लावणारा, काढणारा, शिजवणारा, वाळवणारा, पॉलिश करणारा, मग टेम्पो, मग सांगलीचं मार्केट यार्ड. तिथं हमाल, तोलाईदार, अडत्या, हळकुंड-गड्डा-कणी वेगळं करणाऱ्या बायका, सौद्याला उभा राहून हातात हळद घेऊन भाव बोलणारा व्यापारी. पोरं इथंच थांबतात, तेव्हा पुढं ढकलायचं. माल बाहेरच्या देशात जाणार तर कागदपत्रं कोण करतं? हळदीत कुरकुमीन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, किती ते कुठं तपासतात, तपासणारा काय शिकलेला असतो? दळायची मशीन बिघडली तर कोण येतं? पाकिटाचं डिझाईन कोण करतं? सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे हा माल ह्याच भागाचा अशी सरकारी नोंदणी, मिळालं, त्याचा अर्ज, त्याचं कायद्याचं काम कोणी केलं असेल? पूर्वी हरिपूरला जमिनीखाली पेवात हळद ठेवायचे, आता गोदाम आणि कोल्ड स्टोरेज आहे, ते बांधणारा इंजिनियर कोणता? यादी वाढत जाते, आणि जी पोरं "आमच्याकडं काय नोकऱ्याच नाहीत" म्हणत होती ती गप्प होऊन लिहायला लागतात.

तासगावकडं बेदाण्याचा माग काढा, भिलवडीकडं दुधाचा, महाबळेश्वर-वाईकडं स्ट्रॉबेरीचा. आणि मिरजेत नेऊ शकत असाल तर सतारीचा काढा. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ ला जीआय मिळालंय. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं, त्याला लाकूड बसवणं, कोरीवकाम, पॉलिश, पडदे बांधणं, आणि शेवटी जवारी काढणं, म्हणजे घोडीचा माथा असा घासायचा की तारेतून भरीव गोड आवाज निघाला पाहिजे, आणि हे कानावरच होतं. एका लहानशा दुकानात सुताराचा हात, चित्रकाराची नजर आणि गवयाचा कान असं तिन्ही लागतं, आणि दारात देशभरातून आलेल्या गिऱ्हाईकाशी बोलणारा वेगळा. पोरांना विचारा, ह्यातलं तू काय करशील? ते लगेच सांगतात, आणि वहीतल्या नोंदींशी बहुतेक वेळा ते जुळतं.

माणसांना भेटवा

यादीतली तीन-चार कामं पोराला बरी वाटली की ते काम करणाऱ्या माणसाला भेटायचं. नातेवाईकात, गल्लीत, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत कुणीतरी सापडतंच. आधी फोन करून वेळ घ्या, अर्धा तास पुरे, आणि बोलू दे पोराला, तुम्ही बाजूला बसा. प्रश्न घरून लिहून न्यायचे. सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करता? कुठलं काम तुम्हालाच आवडत नाही? हे करायला काय शिकलात, कुठं, किती वर्षं, किती खर्च आला? सुरुवातीला हातात किती पैसे यायचे आणि आता ह्या कामाला नवीन माणसाला किती मिळतात? परत दहावीत गेलात तर काय वेगळं कराल?

पैशाचा प्रश्न विचारायला पोरं लाजतात, विचारायला लावा, नम्रपणे विचारलं तर माणसं सांगतात. आणि एकाच क्षेत्रातल्या निदान दोघांना भेटा, एक वय झालेला आणि एक नुकताच चार-पाच वर्षांत लागलेला, कारण वीस वर्षांपूर्वीची ॲडमिशन, फी, नोकरी हे सगळं बदललेलं असतं आणि मोठा माणूस त्याच्या काळातलं सांगत असतो.

मग थोडं करून बघा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायचे असं लिहिलंय, त्यात सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक माणसांकडं जाऊन शिकायचं. तुमच्या शाळेत हे दहा दिवस नुसत्या खेळात आणि चित्रं रंगवण्यात जात असतील तर मुख्याध्यापकांना भेटून विचारा, चार पालकांनी मिळून "आमच्या वर्कशॉपला पोरं पाठवा, आम्ही दाखवतो" असं म्हटलं तर शाळा नाही म्हणत नाही.

घरी दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी वापरा. कोडिंगची आवड वाटतेय तर शाळेच्या लॅबमध्ये किंवा घरच्या जुन्या लॅपटॉपवर स्क्रॅच, पुढं पायथॉन, फुकट शिकता येतं, आणि क्लासची फी भरायच्या आधी पोरानं एक छोटा गेम किंवा दूध डेअरीच्या पंधरवड्याच्या बिलाचा हिशोब करणारा प्रोग्राम स्वतः करून दाखवू दे. चित्रकला असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या ग्रेड परीक्षा शाळेतूनच देता येतात, दहावीला वाढीव गुणही मिळतात. शिकवायची आवड असेल तर गल्लीतल्या चौथीच्या दोन पोरांना महिनाभर गणित शिकवू दे. शेतीची आवड असेल तर दोन गुंठे त्याच्याकडं सोडा, काय लावायचं, खत किती, कुठं विकायचं सगळं त्यानंच ठरवायचं, खर्च आणि विक्रीची पट्टी त्यानंच लिहायची, आणि तोटा झाला तरी चालेल.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे बघणं-शिकणं आहे, पोराला कामाला लावणं नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्यानं बंद आहे आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. वेल्डिंग, फवारणी, लेथ हे लांबून बघायचं, गॉगल घालून, मोठं माणूस बरोबर असताना.

करून झाल्यावर त्याच दिवशी वहीत लिहायचं, कुठला भाग परत करायला आवडेल, कुठला नको. महिन्यानं "मला नाही हे आवडलं" म्हणून पोरगं आलं तर रागवू नका, एका महिन्यात आणि शंभर-दोनशे रुपयांत जे कळलं ते पुढं तीन वर्षांनी आणि लाखभर फी भरून कळलं असतं.

कलचाचणी करायची का

करा, पण तिच्यावर सगळं सोडू नका. बोर्डानं २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली होती तेव्हापासून पालकांना हा शब्द माहीत झाला. बाहेर ज्या चाचण्या मिळतात त्यातल्या बऱ्याच जॉन हॉलंड ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या सहा गटांवर उभ्या आहेत, हातानं काम करणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांत रमणारे, पुढं होऊन व्यवहार करणारे आणि नोंदी-हिशोब टापटीप ठेवणारे. बहुतेकांत दोन-तीन गट मिसळलेले असतात. हे गट माहीत असले की तुमची वही तुम्हालाच वाचता येते, मंडळाची शिल्लक सांभाळणारा कुठल्या गटातला हे सांगायला हजारो रुपये द्यायला लागत नाहीत.

चाचणी आवडीची आहे का क्षमतेची ते विचारून घ्या, दोन्ही वेगळ्या असतात. पोरगं आजारी, चिडलेलं असताना करू नका. मराठी माध्यमाच्या पोराला मराठीतलीच द्या, इंग्रजी प्रश्न न कळल्यामुळं आलेला निकाल काही कामाचा नसतो. आणि निकालात एकच करिअर छापून देणाऱ्यापासून लांब राहा.

दहावीनंतरचे रस्ते, थोडक्यात

सायन्स घेतलं तर गणित आणि बायोलॉजी ह्यातलं काय सोडताय ते समजून सोडा. गणित सोडलं की इंजिनियरिंगचं दार बंद, बायोलॉजी सोडलं की मेडिकलचं. बीएस्सी ॲग्री एमएचटी-सीईटी ह्या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर आहे आणि दोन्ही ग्रुपवाल्यांना चालतं, आपला भाग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतो. एनडीएला, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायच्या प्रबोधिनीला, आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, नेव्ही-एअर फोर्सला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं. पाच वर्षांचं लॉ कुठल्याही शाखेतून करता येतं. कॉमर्सच्या पोरांनी सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, बारावीनंतर द्यायची.

डिप्लोमा आणि आयटीआय ह्यावर मी जास्त बोलणार, कारण त्याला उगाच खालचं समजतात आणि हे मला मुळीच पटत नाही. इंजिनियरिंगचा डिप्लोमा दहावीच्या मार्कांवर मिळतो, तीन वर्षांचा, मिरजेला आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि डिप्लोमानंतर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे सांगलीच्या वालचंदला किंवा कराडच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजला जायचं असेल तर अकरावी-बारावी आणि सीईटी हा एकच रस्ता नाही. दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे. आयटीआयनंतर कंपनीत अप्रेंटिसशिप करताना स्टायपेंड मिळतो. काही ट्रेड तर दहावी नापासलाही आहेत. ज्या पोराचं नाव वहीत वीस वेळा पाना आणि वायरीबरोबर आलंय, त्याला नातेवाईकांत बरं दिसावं म्हणून सायन्सला घालून दोन वर्षं क्लासला पाठवू नका, कळवळून सांगते.

पैशाचं आधीपासून बघा. आठवीत एनएमएमएस ह्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या, घरचं उत्पन्न मर्यादेत असलेल्या मुलांना, आणि पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, तरी कितीतरी पालकांना ती माहीतच नसते. पुढच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी ह्या सरकारी वेबसाइटवर भराव्या लागतात, उत्पन्नाचा, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर हे सगळं मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

भरतीचं आणि एमपीएससीचं

सातारा-सांगलीत हे टाळून पुढं जाताच येत नाही. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी हे गाव आहे, घराघरातून फौजेत गेलेले, तिथल्या पोराला वर्दीची ओढ वाटणं साहजिक आहे आणि ती चांगलीच ओढ आहे. पण ओढ वर्दीची आहे का कामाची हे बघा. पोलिसाला यात्रेच्या बंदोबस्ताला बारा-बारा तास उभं राहायला लागतं, हे पोराला एखाद्या हवालदाराकडून ऐकू दे. फौजेतली अग्निवीर भरती चार वर्षांची आहे आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढं कायम घेतात, म्हणजे बाविशी-पंचविशीत परत यायची तयारी आधीच पाहिजे. भरतीची किंवा एमपीएससीची अकॅडमी लावायच्या आधी घरी बसून ठरवा, किती प्रयत्न, किती वयापर्यंत, आणि त्याच काळात दुसरं काय शिकायचं. ग्रॅज्युएशन किंवा आयटीआय सोडून नुसती तयारी करू देऊ नका.

मुलींच्या बाबतीत

वहीत मुलींची पानं लिहिताना घरची मोठी माणसं "घरकामात मदत करते" एवढंच लिहितात. नीट बघा. दूध घालते, हिशोब ठेवते, लहान भावाचा अभ्यास घेते, आजीचं औषध वेळेवर देते, हे सगळं जमणंच आहे, ते लिहा. मुलीला जवळचं कॉलेज, मुलाला लांबचं, हा निर्णय एसटीच्या वेळेवर आणि भीतीवर होतो, तर एसटीची वेळ, होस्टेल, पास ह्याची चौकशी आधी करा, नुसतं घाबरून नको. माणच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलपर्यंत पळाली आणि नंतर उपजिल्हाधिकारी झाली, दुष्काळी तालुक्यातल्या साध्या शेतकऱ्याची मुलगी आहे ती. आणि फीचं सांगायचं तर आर्थिक मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेली पाहिजे. "पोरीच्या इंजिनियरिंगला पैसे कुठून आणू" म्हणणाऱ्या प्रत्येक वडिलांना हे सांगा.

ठरवायला बसताना

दहावीच्या परीक्षेनंतर, निकालाच्या आधी, एका संध्याकाळी बसा. आई, वडील, पोरगं. काका-मामांना नंतर सांगा. टीव्ही बंद, वही समोर. आधी पोरगं बोलणार, वहीतलं वाचून, तोपर्यंत मोठ्यांनी मधे तोंड घालायचं नाही. मग वडिलांनी खरा आकडा सांगायचा, आपल्याला वर्षाला शिक्षणाला किती झेपतं. पोरांपासून हे लपवतात आणि मग ॲडमिशनच्या वेळी रडारड होते, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला हे नीट सांगितलं तर कळतं, माझा अनुभव चांगला आहे.

एका कागदावर तीन ओळी लिहा. पहिला रस्ता, दुसरा रस्ता, आणि दोन्ही झाले नाहीत तर काय. प्रत्येकापुढं अर्जाची तारीख, लागणारे कागद आणि खर्च. पोराचं आणि तुमचं जमत नसेल, म्हणजे ते म्हणतंय नाटक आणि तुम्ही म्हणताय बीकॉम, तर भांडू नका. नाटकाची तर सांगली जुनी पंढरी आहे, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच मराठी नाटक उभं केलं, आजही स्पर्धा होतात, पोरगं बीकॉम करत तिथं बॅकस्टेजला लागू दे आणि वर्षभरानं दोन्हीकडचं बघून परत बसा. हा कागद वहीतच चिकटवायचा आणि दर दिवाळी-मे सुट्टीत काढून बघायचा, बदलावासा वाटला तर नवीन कागद वर चिकटवायचा, जुना तसाच राहू दे.

आणि फॉर्म भरताना एवढं नक्की करा. २०२५-२६ पासून अकरावीची ॲडमिशन सगळ्या राज्यात ऑनलाइन झालीय, पालक नेट कॅफेत जाऊन "भरा तुम्हीच" म्हणतात आणि कॅफेवाला त्याच्या सवयीनं कॉलेजचा आणि शाखेचा क्रम टाकतो. पसंतीक्रम घरी कागदावर लिहून न्या, पोराला खुर्चीवर बसवा, त्यालाच क्लिक करू दे, लॉक करायच्या आधी एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लावा, शाखा आणि माध्यम दोन्ही तपासा, आणि पासवर्ड, प्रिंट आणि ओटीपी येणारा मोबाईल नंबर घरच्याच माणसाकडं ठेवा.